बारा येशी – प्रकल्प नोंदी: मनकवड्याला कुठल्या रकान्यात बसवायचं?

१ जून २०२५, रविवार. शिरोडा

यंदा पाऊस मे संपायची वाट न बघताच कोसळला. लग्नपत्रिकांची कामं आटोपली, दुकानात शुकशुकाट आहे, म्हणून ‘बारा येशी’चा तिसरा खर्डा काढला. नव्याने वाचणाऱ्यासाठी: हा टेबलाभोवती बसून खेळायचा रोलप्लेइंग गेम. फासे, कागद, पेन्सिल आणि किनाऱ्यावरची काल्पनिक बारा गावं, त्यांच्या बारा येशी म्हणजे वेशी. खेळ चालवणाऱ्याला आम्ही ‘गजालकार’ म्हणतो.

शक्तींचा तक्ता अजून अर्धवट आहे. देवाचं: कौल, अवसर (देव अंगात येणं), राखणदार (गावाची वेस सांभाळणारा). मंत्राचं: भगत, घाडी (दोघेही भूतबाधा उतरवणारे). पाल्याचं: वैदू. हे तीन रकाने भरले. चौथ्याच्या डोक्यावर ‘मनाचं’ लिहून महिना झाला, खाली एक ओळ नाही. भाच्याला मनकवडा खेळायचाय. दुसऱ्याच्या मनातलं ओळखायचं, हात न लावता वस्तू हलवायची. ही जादूच म्हणायची की जादूहून वेगळं काही? पुढच्या रविवारपर्यंत काहीतरी ठरवायला हवं.

८ जून, रविवार

मिरग लागला. खेळायला चौघे: भाचा, हायस्कुलात गणित शिकवणारे मास्तर, आरोग्य केंद्रातल्या सिस्टर आणि बुवा. बुवा दशावतारात पखवाज वाजवतात. दहीकाल्यांचा हंगाम पावसात बंद, त्यामुळे ते मोकळे.

मनाच्या शक्तीला मी पूर्ण वेगळी यंत्रणा दिली होती. वीस गुणांचा साठा, वाटेल तेव्हा खर्चायचा. मंत्र नाही, नारळ नाही, मुहूर्त नाही. आणि जादूवर चालणारा कुठलाही तोडगा यावर चालणार नाही.

अर्ध्या तासात खेळ आडवा झाला. बुवांचा भगत वाड्यातल्या खविसासाठी धूप घालून बसलाय, सिस्टरांचा वैदू मुळी उगाळतोय, तोवर भाच्याने विहिरीवरची धोंड मनानेच उचलली आणि खविसाच्या डोक्यात घातली. खविसाच्या गळ्यात संरक्षणाचा ताईत होता, पण तो मंत्रापुरता. मनाला अडवायला त्याच्याकडे काहीच नव्हतं.

मास्तर म्हणाले, “ज्याला ढालच नाही असं हत्यार तुम्ही एकाच्याच हातात दिलंत.” बरोबर आहे. खोडलं.

११ जून, बुधवार

रात्री लाइट गेली ती पहाटे आली. मोबाइलच्या उजेडात जुने नियम चाळले. ज्या दगडावर मी ठेचकाळलो त्यावर या धंद्यातले थोरही पन्नास वर्षं ठेचकाळताहेत, हे बघून जरा बरं वाटलं.

‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या जुन्या अमेरिकी रोलप्लेइंग गेममध्ये मनाची शक्ती आली १९७६ साली, एका पुरवणीतून. १९७८ च्या खेळाडूंच्या पुस्तकात ती गेली परिशिष्टात. तिथे तुमच्या बुद्धी, शहाणपण किंवा प्रभाव यांपैकी एखादा गुण सोळा किंवा वर असेल तर शंभरातला फासा टाकायचा, लागली तर लागली लॉटरी. म्हणजे शिक्षण नाही, साधना नाही, निव्वळ नशीब. मनाने मारायचे पाच प्रकार, मनाने अडवायचे पाच. त्यातल्या दोन हल्ल्यांच्या नावांत फ्रॉइडचे ‘इगो’ आणि ‘इड’. तलवारी आणि राक्षसांच्या जगात अचानक व्हिएन्नातल्या डॉक्टरचा कोच!

लोकांना ही शक्ती फँटसीत खटकते त्याचं मूळ मला इथे दिसतं. तिचं इंग्रजी नाव ‘सायॉनिक्स’. हा शब्दच मुळी १९५० च्या दशकातल्या अमेरिकी विज्ञानकथांचा, ‘साय’ला (अतींद्रिय शक्तींसाठी वापरतात ते ग्रीक अक्षर) ‘इलेक्ट्रॉनिक्स’चं शेपूट जोडून केलेला. शब्दाला प्रयोगशाळेचा वास आहे. ‘टेलिपथी’ हा शब्दही १८८२ चा, इंग्लंडात भुताखेतांची शास्त्रीय चौकशी करू निघालेल्या मंडळींपैकी फ्रेडरिक मायर्स यांचा. चेटकिणीच्या झोपडीत असे शब्द पाहुण्यासारखे अंग चोरून बसतात.

१९९१ मध्ये याच खेळाने मनाच्या शक्तीला स्वतंत्र पुस्तक आणि सहा शाखा दिल्या. त्याच वर्षी ‘डार्क सन’ नावाचं वाळवंटी जग आलं. तिथे मांत्रिक झाडांतला जीव शोषून मंत्र टाकतो, जमीन राख होते, म्हणून लोक मांत्रिकाला बघताच दगड उचलतात. मनाची शक्ती मात्र थोडीथोडकी जवळपास प्रत्येकाकडे. मला हे सगळ्यांत पटलं. दोन शक्तींत फरक का, तर त्यांचा भुर्दंड वेगवेगळ्यांना पडतो.

मग याच खेळाचं २००४ चं पुस्तक. त्यात मूळ नियम असा की दोन्ही शक्ती एकमेकींना लागू पडतात: जादू मोडणारा मंत्र मनाची करामतही मोडेल. त्या वेगळ्या मानायच्या तर तोही पर्याय दिलाय, पण इशाऱ्यांसकट. २०१० मध्ये ती शौर्य, विद्या, देव, निसर्ग यांच्या रांगेत आणखी एक उगम म्हणून बसली. २०२० पर्यंत तिचा स्वतंत्र क्लासही, म्हणजे पात्राचा प्रकारही, उरला नाही. चोर, योद्धा आणि मांत्रिक यांच्या उपप्रकारांत वाटून टाकली.

‘पाथफाइंडर’ या दुसऱ्या रोलप्लेइंग गेमवाल्यांनी २०१९ मध्ये वेगळीच मांडणी केली. चार मूलतत्त्वं: जड, मन, आत्मा, प्राण. दोन-दोन जोडून चार परंपरा. मन अधिक जड म्हणजे विद्येची जादू, आत्मा अधिक प्राण म्हणजे देवाची, प्राण अधिक जड म्हणजे निसर्गाची, मन अधिक आत्मा म्हणजे गूढाची. मनकवडा या चौथ्या घरात. तक्ता देखणा आहे. इतका देखणा की मला त्याचा संशय येतो. आमच्या गावात काहीच इतकं चौकोनी नसतं.

त्यांच्याच २०१५ च्या पुस्तकातली एक गोष्ट मात्र उचलणार. मांत्रिकाला बोलावं लागतं, हात हलवावे लागतात. मनवाल्याला त्याऐवजी विचार आणि भावना लागतात. त्याला घाबरवलं की शक्ती बंद. मांत्रिकाचं तोंड बांधा, मनकवड्याला भिववा. वा.

१५ जून, रविवार

उलटं टोक करून बघितलं. मनाची शक्ती म्हणजे मंत्रच, फक्त न बोलता. सगळे नियम भगताचे.

भाचा तासभर खेळला आणि वही मिटली. “मामा, हा भगतच झाला. फक्त नारळाचा खर्च वाचला.”

२२ जून, रविवार

आजची नोंद लांबणार, कारण आज बुवा बोलले. एरवी ते ताल धरून गप्प असतात.

प्रसंग असा: भाच्याच्या मनकवड्याने गावच्या खोताच्या मनात घुसून त्याला भलताच शब्द द्यायला लावला. गावकऱ्यांनी ओळखलं की खोतावर काहीतरी केलंय. आता बुवांचा भगत ते उतरवणार. मी म्हटलं, फासा टाका. बुवांनी फासा हातात घेतला आणि खाली ठेवला.

“ह्यां इलां खंयसून?” त्यांनी मला विचारलं. “देवान दिल्यान? नाय. गुरून दिल्यान? नाय. भूत लावल्यान काय? नाय म्हणतंस. मगे मी गाऱ्हाणा कोणाक घालू?”

मी म्हटलं, नियमाप्रमाणे उतारा चालतो.

“चालतलो कसो? उतारो म्हणजे देणा-घेणा. समोर कोण तरी होयो ना! कोंबो खातलो कोण, नारळ घेतलो कोण? हंय कोणच नाय.”

मी खेळ थांबवला आणि लिहीत बसलो. सहा महिने मी शक्तींची वर्गवारी त्या काय करतात यावरून करत होतो. हलवणं, बघणं, बरं करणं, मारणं. पुस्तकवाले बहुतेक उगमावरून करतात. बुवांचा प्रश्न या दोन्हींच्या पलीकडचा: याचा हिशोब कोणाशी मिटवायचा? गाऱ्हाण्यात बारा गावच्या, बारा येशीच्या राखणदाराला हाक मारून ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात तेव्हा तो एक करारच असतो. आम्ही हे देऊ, तू ते सांभाळ. इथून जवळ अरवलीला वेतोबाला केळ्यांचे घड आणि भल्या मोठ्या चामड्याच्या चपला वाहतात. रात्री तो गावाची राखण करत फिरतो आणि चपला झिजतात अशी श्रद्धा. ज्याच्या चपला तुम्ही भरून देता त्याच्याशी बोलता येतं. भांडतासुद्धा येतं.

मनकवड्याच्या मागे कोणी नाही. म्हणून त्याचं केलेलं उतरवायला कोणाला साकडं घालायचं हा प्रश्न. आणि उलट, तो अडचणीत आला तर त्याच्या बाजूने बोलणारंही कोणी नाही.

तक्त्याचे रकाने आज बदलले. आता प्रत्येक शक्तीपुढे तीन प्रश्न: कोणाकडून? काय देऊन? उतरवणार कोण?

२९ जून, रविवार

दुसरं दुखणं. रहस्याची कथा असली की मनकवडा पाच मिनिटांत तिची वाट लावतो. होडी कोणी जाळली? चला, सगळ्यांची मनं वाचू. संपलं. जगभरचे गजालकार यावर रडतात. कोणी संशयितांना शिशाच्या टोप्या घालतं, कोणी म्हणतं दिवसातून एकदाच वाचता येईल. दोन्ही रडीचे डाव.

उत्तर मास्तरांनी आणलं, तेही भलत्या ठिकाणाहून. त्यांच्याकडे पातंजल योगसूत्रांची जुनी प्रत आहे, पावसाने फुगलेली. तिसऱ्या पादात, जिथे सिद्धींची यादी आहे, तिथे परचित्तज्ञान येतं, म्हणजे दुसऱ्याचं चित्त कळणं. आणि लगेच पुढे मर्यादा: त्या चित्ताचा आधार, म्हणजे ते कशाला धरून आहे, ते मात्र कळत नाही. भाष्यकाराने उदाहरण दिलंय. समोरच्याच्या मनात आसक्ती आहे हे योग्याला कळतं, ती कोणत्या वस्तूविषयी आहे हे कळत नाही.

अहो, हा तर तयार नियम! दीड-दोन हजार वर्षांपूर्वी कोणीतरी आमची गेम संतुलित करून ठेवलीय.

लगेच लावून बघितला. होडी जळलीय, चौघे संशयित. मनकवड्याला कळतं: तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या, घाबरलाय. त्याची बायको शरमलीय. सावकार खूश आहे. धाकटा भाऊ रागाने धुमसतोय. कशाने, ते विचारून, फिरून, भांडून शोधा. तांडेल घाबरला होता तो वेगळ्याच कारणाने, आणि त्या कारणापायी भाचा दीड तास चुकीच्या खाडीत भटकला. सिस्टर हसून हसून बेजार. रहस्य मेलं नाही, उलट घट्ट झालं.

६ जुलै, रविवार

आषाढी. बुवा भजनाला. खेळ नाही.

मास्तरांची प्रत घरी आणलीय. चौथ्या पादाचं पहिलंच सूत्र: ‘जन्मौषधिमन्त्रतपःसमाधिजाः सिद्धयः’. सिद्धी पाच वाटांनी येतात: जन्माने, औषधीने, मंत्राने, तपाने, समाधीने. माझा वैदू, माझा भगत, दोघे रांगेत उभे. इथे मन आणि मंत्र यांत भिंत नाही. वाटा वेगळ्या, पोचायचं ते एकच. म्हणजे २००४ च्या पुस्तकाचा मूळ नियम आणि हे सूत्र एका बाजूला, आमचे बुवा दुसऱ्या बाजूला.

आणखी एक गंमत. या पाचांत ‘देवाने दिलं’ हा प्रकारच नाही. कोकणात तर तोच पहिला. तेव्हा माझ्या तक्त्यात सहा ओळी होणार आणि पतंजलींची माफी मागावी लागणार.

१३ जुलै, रविवार

आज फाशांऐवजी पत्ते करून बघितले. १९३० च्या दशकात अमेरिकेत ड्यूक विद्यापीठात जे. बी. ऱ्हाइन अतींद्रिय ज्ञानाचे प्रयोग करायचे, त्यासाठी कार्ल झेनर यांनी आखलेले पाच चिन्हांचे पत्ते: वर्तुळ, अधिक, लाटा, चौकोन, तारा. प्रत्येकी पाच, एकूण पंचवीस. मी दुकानात आमच्या चिन्हांचे छापले: बांगडा, नारळ, होडी, समई, शंख. कल्पना अशी की मनकवडा खेळणाऱ्याने खरोखरच पत्ता ओळखायचा. लागला तर शक्ती चालली.

आधी नुसती चाचणी. पाच जण, प्रत्येकी चार फेऱ्या. नुसत्या अंदाजाने पंचविसात सरासरी पाच बरोबर येतात. भाच्याचे एका फेरीत नऊ आले. पोरगा खुर्चीवर उभा राहिला. “मामा, माझ्यात आहे!”

मास्तरांनी पेन्सिल घेतली. नऊ किंवा जास्त येण्याची शक्यता एका फेरीत शंभरात पाचाच्याही किंचित खाली. आपण फेऱ्या केल्या वीस. म्हणजे कोणाच्या तरी पानावर एकदा नऊ येणं हे जवळजवळ अपेक्षितच. “तुझ्या पानावर आलं एवढंच.” ऱ्हाइन यांचे निकाल इतरांच्या हाती तसे लागले नाहीत, हेही त्यांनी सांगितलं. भाचा खाली बसला. पटलं असं तोंडावरून दिसलं नाही.

पत्ते बाद. खेळ रेंगाळतो, आणि या हवेत ३०० जीएसएमचा जाड कागदसुद्धा पापडासारखा वाकतो. वाकलेला नारळ मागूनच ओळखू येतो.

२० जुलै, रविवार

सिस्टरांनी वैदूच्या यादीतल्या एका ओळीवर बोट ठेवलं: ‘सापाचं विष मंत्राने उतरवणे’. म्हणाल्या, “हे काढा. खेळ असला तरी काढा.” २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात साप, विंचू, कुत्रा चावलेल्याला उपचारापासून रोखून मंत्रतंत्र करणं गुन्हा आहे, आणि त्याला कारणं आहेत. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावसकरांनी विंचूदंशावर प्राझोसिनचा वापर दाखवून दिला तो याच कोकणात, जिथे लोक आधी मांत्रिकाकडे जायचे. सिस्टरांनी असे पेशंट उशिरा आलेले बघितलेत. त्या फार बोलल्या नाहीत.

ओळ काढली. खेळात भूत उतरवता येईल, विष नाही. विष चढलं की डोली करून पेशंटला न्यायचं, आणि डोली वेळेत पोचवणं हाच त्या प्रसंगाचा खेळ.

३ ऑगस्ट, रविवार

नाव सापडत नव्हतं. ‘मनकवडा’ लाडिक आहे, बायको नवऱ्याला म्हणते तसलं. ‘अतींद्रिय’ हे पेपरच्या पुरवणीतलं. ‘मानसिक’ म्हटलं की सिस्टर वेगळ्याच वॉर्डाकडे बघतात.

आई वडे तळता तळता आमचं ऐकत होती. म्हणाली, “एवढं काय शोधताय? कोणी दिलं नाही, कोणाकडे शिकला नाही, जन्मताच घेऊन आला, तो पायाळू.”

टेबलावर कोणीच बोललं नाही.

पायाळू! पायांकडून जन्मलेला. त्याला जमिनीतलं पाणी कळतं, पुरलेलं धन दिसतं म्हणतात. कोणाच्या पाठीत उसण भरली तर पायाळूचा पाय लावून घेतात. आणि वीज पायाळूवर पडते म्हणून पावसात त्याला झाडाखाली उभं राहू देत नाहीत. देव नाही, मंत्र नाही, गुरू नाही. पतंजलींचा ‘जन्म’ आणि बुवांचा ‘कोणच नाय’ एकाच शब्दात. अमेरिकेतल्या विज्ञानकथेला इलेक्ट्रॉनिक्स जोडावं लागलं. आमच्याकडे हा माणूस आधीपासून अंगणात बसलेला होता, लोकांच्या पाठीला पाय लावत.

१९७८ च्या लॉटरीवर मी जूनमध्ये हसलो होतो. जन्मताच फासा पडतो, पुढे काही करता येत नाही. ते शब्द मागे घेतो. निदान अर्धे.

१० ऑगस्ट, रविवार

नारळी पौर्णिमा झाली, खाडीतल्या होड्यांना नवा रंग. पायाळूचे नियम, चौथा आणि बहुधा शेवटचा खर्डा:

त्याच्या करामतीचा परिणाम इतरांसारखाच मोजायचा. धोंड मंत्राने उचला की मनाने, वजन तेच, आणि ताईत दोन्हींना अडवतो. इथे पतंजली जिंकले. पण एकदा झालेलं उतरवायचं तर भगताचा उतारा, गुरवाचा कौल, काहीच लागू नाही. दुसरा पायाळू हवा, किंवा त्यानेच सोडायला हवं. इथे बुवा जिंकले. घाबरला की शक्ती बंद. दुसऱ्याचं मन उघडलं की तेवढा वेळ त्याचंही उघडं. ऐकणारा माणूसच असेल असं नाही. आणि गाऱ्हाणं न घालता शक्ती वापरली तर राखणदाराच्या लेखी तो त्या रात्रीपुरता परका. रात्रीचा येशीवर आला तर त्याला आत येऊ द्यायचं की नाही हे राखणदार ठरवणार.

किंमत म्हणून ‘थकवा’ ठेवला होता. भाचा म्हणाला, पुस्तकातलं वाटतं. मास्तर म्हणाले, वीज घ्या ना. घेतली. प्रत्येक वापरागणिक पायाळूच्या नावाने ताटलीत एक खडामीठ टाकायचं. मिरगाआधी किंवा परतीच्या पावसात, ढग गडगडले की गजालकार फासा टाकणार आणि खडे मोजणार. श्रावणात वीज क्वचित, म्हणून पायाळू श्रावणात बिनधास्त. ऋतू बघून वागणारा हा माझा पहिलाच क्लास.

मीठ शिरोड्याचंच, मिठागरातलं. दमट हवेत खडे एकमेकांना चिकटतात, मोजताना वाद होतात. कवड्या वापरायचं ठरलं.

२४ ऑगस्ट, रविवार

चतुर्थीआधीचा शेवटचा डाव. भाच्याच्या पायाळूने तांडेलाला वाचवायला एका रात्रीत पाच कवड्या खर्चल्या आणि पहाटे येशीवर आला. राखणदार बुवा खेळत होते. गादीवरून उठून दारात उभे राहिले, आवाज दशावतारातला.

“खंयचो तू?”

भाच्याने सांगितलं, ह्याच गावचा.

“कोणाक सांगान गेललंस?”

भाचा वहीत बघत राहिला. वहीत उत्तर नव्हतं. मग तो खेळातलं सगळं सोडून नुसताच म्हणाला, “सांगाक होया होतां. चुकलंय.” हे कुठल्याच नियमात नव्हतं. बुवांनी माझ्याकडे बघितलं. मी खांदे उडवले. ते दारातून बाजूला झाले.

‘चुकलंय म्हटलं तर काय’ याचा नियम लिहायचा की नाही, ते मी ठरवलेलं नाही. मास्तर म्हणतात लिहा, नाहीतर प्रत्येक जण तेच म्हणेल. सिस्टर म्हणतात मुळीच लिहू नका.

छपाई गणपतीनंतर. सध्या मशिनवर आरतीसंग्रह आहेत, आणि आईने माटवीचं (गणपतीच्या डोक्यावर टांगायच्या फळापानांच्या चौकटीचं) सामान माझ्या कागदांवरच आणून ठेवलंय.